खाऱ्या पाण्याचे रांजण

माझा नातजावई कचेरीत कारकून आहे. इंग्रजी त्याच्या जिभेवर अजून नवीन आहे, त्यामुळे जेवायला बसला की भाकरीबरोबर दोन-चार इंग्रजी शब्द आम्हालाही वाढतो. परवा त्याने ‘ॲब्सॉर्प्शन’ असा एक शब्द आणला. म्हणाला, आजी, साहेबाचा हा शब्द मोठा सोयीचा आहे. जमीन पाणी पिते त्यालाही हाच, कापड रंग घेतं त्यालाही हाच. माणूस कामात बुडाला तरी हाच, आणि मोठ्या पेढीने धाकटी पेढी पोटात घातली तरी हाच.

मी म्हटलं, साहेबाकडे शब्दांचा दुष्काळ दिसतो. आपल्याकडे पाणी मुरतं, रंग भिनतो, अन्न जिरतं, माणूस कामात रंगतो. आणि थोरल्याने धाकट्याचं घर गिळलं तर आपण गिळलं असंच म्हणतो, त्याला गोड नाव देत नाही. तो हसला आणि हात धुवायला उठला. मला मात्र त्या शब्दाने छळलं, कारण त्याने सांगितल्या त्या सगळ्या गोष्टी मी एकाच घरात पाहिल्या आहेत, कापसाच्या त्या तेजीच्या दिवसांत. म्हणून हे लिहायला बसले. अक्षरं मी फार उशिरा शिकले, लेकीच्या पाटीवर. लिहिण्यात चूक निघाली तर हसा, पण सांगते आहे त्यात चूक नाही.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. दोन्ही घरं रंगाऱ्यांची आणि दोन्हीकडे आलेचा लाल रंग. आल हे झुडूप. रंग त्याच्या मुळ्यांत असतो आणि तो चढायला झुडपाला काही पावसाळे जमिनीत काढावे लागतात. मुळ्या खणून, कापून, कुटून त्यांचा भुगा करायचा आणि हंड्यात कापडाबरोबर उकळायचा. पण कोरं कापड रंग घेत नाही. त्याला आधी एरंडेल तेलात आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात भिजवायचं, पायांनी तुडवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. मग हिरडा, मग तुरटी, आणि मग कुठे रंग. घाई केली तर पहिल्याच धुण्यात लाल पाणी वाहून जातं आणि रंगाऱ्याची अब्रू त्याच्याबरोबर. माझी सासू म्हणायची, सुनेचंही तसंच असतं, तुडवल्याशिवाय घराचा रंग घेत नाही. तिने मला पुष्कळ तुडवलं. मी रंग घेतला असं तिला मरेपर्यंत वाटत होतं.

माझे मालक धाकटे. हंड्यात काठी फिरवायला लागले की त्यांना हाक ऐकू येत नसे. भाकरी निवून वातड व्हायची. एकदा पायावरून विंचू गेला, आम्ही बायका ओरडलो, तर त्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ आणि पुन्हा हंड्यात पाहू लागले. त्यांच्या हातचा खारवा, म्हणजे तो जाड लाल कपडा, चांदूर बाजारापर्यंत ओळखला जायचा. पुऱ्यातल्या नवऱ्या मुलीचं लाल लुगडं आमच्याच अंगणात वाळायचं. ते फार बोलत नसत. मी जीव लावला तो त्या हंड्यापुढे वाकलेल्या पाठीला, कारण बहुतेक वेळ तीच दिसायची.

थोरले भाऊ वेगळ्या मातीचे. मी त्यांना भासरे म्हणते, आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला तेच म्हणतात. रंगाऱ्याच्या पोटी जन्मून त्यांना रंगाची शिसारी. हात लाल दिसतात म्हणून लहानपणापासून हंड्याजवळ फिरकले नाहीत, बाजारात दलालांच्या मागे मागे हिंडले. सासरे वारल्यावर ते बापाच्या जागी आले आणि घर त्यांच्या शब्दावर चालू लागलं.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नसतं. तोंड दाखवायचं नाही, त्यांच्या सावलीला पाय लागू द्यायचा नाही, ते अंगणात आले की पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीशी व्हायचं. त्यांनाही काही सांगायचं तर ते हवेला सांगत, नाहीतर जाऊबाईंना. ‘पाणी ठेवा म्हणावं,’ असं ते खांबाकडे पाहून म्हणायचे आणि मी पाणी ठेवायचे. एवढी वर्षं एका छपराखाली राहून त्यांचा डोळा कोणत्या रंगाचा होता हे मला ठाऊक नव्हतं. पुढे ठाऊक झालं.

मग ती तेजी आली. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपापसात लढाई जुंपली म्हणे, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. शहाण्या शहाण्या माणसांना वेड लागलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. काल चिलमीला महाग असलेले आज अत्तर लावून हिंडू लागले. कास्तकारांनी आलेची शेतं उपटली आणि कापूस पेरला. मुळ्या अर्ध्या कच्च्या, त्यांत रंग नाही, तरी उपटल्या, कारण एवढे दिवस थांबायचं कोणाला होतं? ज्वारीही कमी झाली. जिकडे तिकडे पांढरं.

आमच्या घरातही ते पांढरं शिरलं. भासऱ्यांनी आधी मागचं अंगण घेतलं, कापूस ठेवायला. मग तुडवायच्या कुंड्या बुजवल्या. मग हंड्यांचं छप्पर घेतलं आणि त्याची वखार केली. मालकांना एक लहान हंडा उरला, गोठ्याच्या कडेला. ‘रंगात काय ठेवलं आहे? चल, डोकडे तुडव,’ असं म्हणून त्यांनी मालकांना वखारीत उतरवलं. डोकडा म्हणजे रुई भरायचं मोठं पोतं. त्यात माणूस उभा राहून पायाने रुई दाबतो. ज्या पायांनी मालक कापड तुडवत, त्याच पायांनी ते आता रुई तुडवू लागले. नाका-तोंडात तंतू जाऊन खोकायचे. भावापुढे ‘नाही’ म्हणायची त्यांची जीभच नव्हती. मला त्याचा संताप यायचा आणि अजूनही येतो.

रुई तुडवताना भासऱ्यांची दोन माणसं कडुलिंबाच्या डहाळीने थोडं थोडं पाणी शिंपडायची. दाबलेली रुई पाणी पिऊन घेते आणि वजनाला भरते. बाजारात पुष्कळजण हे करत, पण करतो म्हणून कोणी सांगत नसे. ते पाणी आमच्याच रांजणांतलं असायचं. मालकांच्या आजोबांच्या काळापासून ज्या मातीच्या रांजणांत आलेचा रंग साठवला जायचा ते मोठे, माणसाच्या छातीएवढे रांजण भासऱ्यांनी घासूनपुसून वखारीत ठेवले होते.

एकदा पेठेत मुंबईच्या पेढीच्या माणसाने डोकड्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि ओली रुई बाहेर काढली. भोवती माणसं जमली. भासरे तिथेच होते, मालक गाडीशी. मी हे डोळ्यांनी पाहिलं नाही, पण गाडीवानांनी इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखंच झालं. भासऱ्यांनी एक क्षणही विचार केला नाही. मालकांकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘हा माहा धाकटा भाऊ. जातीचा रंगारी. सगळं पाण्यात बुचकळल्याबिगर याले चैन पडत नाई. म्या कितीकदा सांगतलं, आयकतच नाई.’ लोक हसले. मालकांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, थोरला आहे, बापाच्या जागी आहे, त्याची अब्रू गेली तर घराची जाईल. लोकांनी तो ओला डोकडा अर्धा रिकामा करून मालकांच्या डोक्यावर दिला आणि त्यांना पेठेत फिरवलं. मागे पोरं ओरडत होती.

मालक घरी आले तेव्हा त्यांच्या मानेला, कानांना ओली रुई चिकटली होती. मी ती बोटांनी वेचून काढली. जाऊबाईंनी मला हळूच सांगितलं, ‘सोडून दे माय. भाऊच आहेत ना दोघं.’ भासरे अंगणात बसून भाकरी खात होते आणि त्यांनी कांदा मागितला. मी कांदा फोडून दिला.

त्यानंतर मालकांच्या हातात पाणी आहे असं लोक म्हणू लागले. म्हणजे लबाडी आहे. रंगाऱ्याला ह्याच्याइतकं वाईट दुसरं काही म्हणता येत नाही, कारण कापड त्याच्या हवाली केलं की मध्ये त्याने काय केलं ते कोणालाच दिसत नाही, नुसत्या विश्वासावर चालतं. एका लग्नघराने हंड्याजवळ ठेवलेलं लुगडं ओलंच परत नेलं. तिवश्याचं एक जुनं गिऱ्हाईक रस्त्यात दिसलं तर दुसऱ्या बाजूने गेलं. तो लहान हंडाही गार पडला. मालक त्याच्यापुढे बसायचे, आत काही नसताना काठी धरून. त्या पाठीकडे पाहून माझ्या मनात जे आलं ते मी देवाला सांगितलं नाही. देवाला पुष्कळ कामं असतात, तो विसरतो. मला एकच काम होतं. मालकांच्या नावाला लागलेलं ते पाणी पुसायचं, आणि ते ज्याचं होतं त्याच्या तोंडावर ओतायचं. कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

संधी भासऱ्यांनीच आणून दिली. रेल्वेचे रूळ अकोल्यापर्यंत आले होते. अमरावतीच्या पेठेत त्यांचा माल लोक आता दोनदा उघडून पाहत, तेव्हा त्यांनी अकोल्याला स्टेशनाजवळ वखार घ्यायचं ठरवलं. जुनी सवयीची माणसं, जुनी हत्यारं सगळं हलवायचं. जाताना म्हणाले, खांबाला, ‘रांजण नीट बांधा म्हणावं. नवे पाझरतात, हे मुरलेले आहेत.’

मी बांधत होते आणि बांधता बांधता माझे हात थांबले. लहानपणीची एक गोष्ट आठवली. अकोल्याकडे पुष्कळ विहिरी खाऱ्या आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातली ती जमीनच तशी. माझे वडील आलेचं कापड कधी विहिरीवर धुवू देत नसत, मोर्णा नदीवर न्यायला लावत. म्हणायचे, खारं पाणी आलेचा रंग ओढून काढतं. एकदा माझ्या भावाने आळस करून रंगाचा रिकामा रांजण विहिरीच्या पाण्याने भरून ठेवला, तर पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याला मार बसला होता. रांजणाची माती वर्षानुवर्षं रंग पिते. वरून कितीही घासा, आत तो असतोच. अमरावतीचं पाणी गोडं, त्याला तो काढता येत नाही. म्हणून भासऱ्यांना वाटलं, रांजण स्वच्छ झाले. लहानपणी हंड्याजवळ बसले असते तर असं वाटलं नसतं.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. म्हणाल्या, ‘ते इचारून राहिले, तुह्या माहेराकडे पाण्याचं कसं आहे?’

मी म्हटलं, ‘इहिरी भरलेल्या रायतात म्हणा. पाण्याची कमी नाई.’

ह्यात एक शब्द खोटा नव्हता. आणि भासऱ्यांनी मला समोर विचारलं असतं तरी मी काय करणार होते? मर्यादेने माझं तोंड शिवलेलं. ज्या रिवाजाने मला जन्मभर भिंतीशी उभं केलं, तो त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कामाला आला. मी रांजणांभोवती दुप्पट कडबा घातला, दोऱ्या आवळल्या, गाडीवानाला बजावलं की नाल्यात गाडी हळू घाल, एकाला तडा जाता कामा नये. माझी काळजी पाहून जाऊबाईंचे डोळे भरून आले.

काही दिवसांनी माझ्या भावाच्या मुलाचं बारसं निघालं. मी अकोल्याला गेले. मालक आले नाहीत, ते कुठेच जात नसत. भासरे वखारीतच राहत होते. सोयऱ्याला उपाशी कसं ठेवायचं म्हणून माझ्या माहेरून त्यांची भाकरी जायची. मी म्हटलं, मी नेते. भावजय म्हणाली, ‘भासऱ्यासमोर जाशील?’ मी म्हटलं, ‘पदर आहे ना.’ रोज टोपलं डोक्यावर घेऊन जायचे, दाराशी ठेवायचे, भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. विहीर अंगणातच होती. पहिल्याच दिवशी बादलीतलं पाणी जिभेला लावून पाहिलं. चांगलं खारं होतं.

रांजण आतल्या अंधाऱ्या खोलीत होते. तिला खिडकी नव्हती, पाणी शिंपायचं काम तिथेच चालायचं आणि कुलपाची किल्ली भासऱ्यांच्या कमरेला असायची. मुरलेल्या रांजणात पाणी तसंही काळंच दिसतं. डहाळीवरून उडालेला थेंब कोणी निरखून पाहत नाही. मग डोकडे शिवून रचून ठेवले जायचे, आगगाडीच्या डब्याची वाट पाहत. आत पाणी रुईत पसरत होतं आणि रंग त्या ओलाव्याच्या कडेला जमत होता. माझ्या लेखी तो सगळा वेळ मोठ्या समाधानाचा गेला. बारशाला मी पाळणेही म्हटले.

ज्या सकाळी माल उघडला त्या सकाळी मी टोपलं घेऊन दाराशीच होते. मुंबईच्या पेढीचा माणूस आला होता. अमरावतीचे दोन-तीन गाडीवान बैल सोडून झाडाखाली बसले होते. हमालांनी पहिला डोकडा फाडला. वरची रुई पांढरी, आणि हात घालून पोटातली काढली तर तिच्यावर गुलाबी ओघळ, शिळ्या भातावर लोणच्याचा खार उतरावा तसे. दुसरा फाडला, तोही तसाच. तिसरा तर कडेने चांगला लाल. पेढीच्या माणसाने रुईचा पुंजका उंच धरला आणि विचारलं, ‘ये कपास है के होली?’

हमाल हसायला लागले. मी पदराच्या आत हसले. भासऱ्यांचं तोंड कसं झालं ते मला दिसत नव्हतं, पण त्यांचे पाय दिसत होते आणि ते पाय मागे सरकत होते. मला वाटलं, झालं. फिटलं.

आणि तेवढ्यात भासऱ्यांचा आवाज आला, अगदी शांत. ‘सेठ, हा रंग पाहा. हा रंगाऱ्याचा रंग आहे. माहा धाकटा भाऊ रंगारी आहे. अमरावतीच्या माणसायले इचारा, माघं बी त्यानंच असं केलं होतं. डाव साधला त्यानं माह्यावर.’

गाडीवान मान हलवू लागले. ‘हो, हो, त्याले फिरवलं होतं पेठेत,’ असं एकजण म्हणाला. रंग कोणाचा, रंगाऱ्याचा. इतका सरळ हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. जे पाणी मालकांच्या नावावरून पुसायला मी निघाले होते, तेच आता पक्क्या लाल रंगात त्यांच्या नावावर चढत होतं, आणि ते माझ्या हाताने. पेढीचा माणूस म्हणाला, त्या भावाचं नाव सांगा, व्यापाऱ्यांना कळवू, वऱ्हाडात कोणी त्याला दारात उभा करणार नाही.

मी टोपलं खाली ठेवलं. पदर मागे टाकला. चालत चालत भासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. घारे डोळे होते.

‘माहा मालक अमरावतीले आहे,’ मी म्हटलं. ‘पोळ्यापासून त्यायनं गाव सोडलं नाई. इथं पाणी तुमी भरलं. खोलीची किल्ली तुमच्या कमरेले आहे. खोला.’

हमाल माझ्याकडे वळून पाहू लागले. अमरावतीच्या गाडीवानांना आमचं नातं ठाऊक होतं, त्यांनी तर माना फिरवल्या. भासरे मला म्हणाले नाहीत, झाडाला म्हणाले, ‘बाईमाणसाले घरी जा म्हणा कोनी.’

‘झाडाले नोका सांगू. म्या इथं उभी आहे. किल्ली द्या.’

पेढीच्या माणसाने हात पुढे केला. किल्ली द्यावी लागली. हमालांनी रांजण उजेडात ओढून आणला. पेढीच्या माणसाने आपल्या पांढऱ्या उपरण्याचं टोक त्यात बुडवलं आणि वर काढलं. ते गुलाबी होतं. त्याने ते सगळ्यांना दाखवलं आणि भासऱ्यांच्या नाकासमोर धरलं.

भासरे रांजणाकडे पाहत राहिले. ते खरंच गोंधळले होते. आणि त्या गोंधळात त्यांच्या तोंडून निघालं, ‘पण अमरावतीले मी ह्याच रांजणातून शिंपत होतो! तवा तं काई झालं नाई!’

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. गाडीवान उठून उभे राहिले. एक म्हातारा गाडीवान, ज्याने मालकांना पेठेत फिरवताना पाहिलं होतं, तो पुढे आला आणि म्हणाला, ‘काहून बापा, मंग त्या गरिबाच्या डोक्यावर काहून देल्ला डोकडा?’ त्या म्हाताऱ्यानेच फाडून अर्धा रिकामा झालेला ओला डोकडा उचलला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. हमालांनी आधार दिला, खाली पडू नये म्हणून. स्टेशनापासून पेठेपर्यंत फिरवलं. लाल ओघळ कपाळावरून मिशीत उतरत होते. मी शेवटपर्यंत मागे चालले. पदर घेतला नाही. लोक म्हणतात सूड घेऊन सुख लाभत नाही. ज्यांनी कधी घेतला नाही त्यांनी ही म्हण काढली असावी. मला त्या दिवशी इतकं सुख झालं की घरी येऊन मी उरलेली भाकरीही खाल्ली, त्यांच्याच टोपल्यातली.

बातमी माझ्याआधी अमरावतीला पोचली. मी घरी आले तेव्हा त्या लग्नघराचं लुगडं पुन्हा अंगणात आलेलं होतं, बरोबर नारळ. मालक हंड्याखाली जाळ घालत होते. त्यांनी मला विचारलं, ‘खाऱ्या पाण्याचं तुले अगुदर माईत होतं?’

मी म्हटलं, ‘जाळ मोठा होऊन राहिला, लाकूड मागं ओढा.’

मालकांनी लाकूड मागे ओढलं. पुन्हा त्यांनी तो प्रश्न विचारला नाही, आणि मला वाटतं त्यांना विचारायची गरजही नव्हती.

भासऱ्यांना दोन्ही बाजार बंद झाले. ते घरीच आले, जाणार कुठे? मालकांनी त्यांना ओसरीवर जागा दिली, दोन वेळचं ताट दिलं. बुजवलेल्या कुंड्या मालकांनी पुन्हा खणल्या आणि आमच्या घराला पुन्हा तो एरंडेलाचा वास आला. भासरे त्या वासात ओसरीवर बसून असत. कापूस पुढे उतरला, चांदीच्या शेंब्या विकल्या गेल्या, पण भासऱ्यांना ह्यातलं काही टोचत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट टोचत होती. जाऊबाई माझ्याकडे यायच्या. ‘ते इचारून राहिले. रांजण बांधताना तुले माईत होतं का?’

मी पुन्हा पदर घेतला होता, पूर्वीसारखा, हनुवटीपर्यंत. जाऊबाईंना मी हसून दुसरं काहीतरी सांगायचे. कधी भाजीचं, कधी पावसाचं. भासरे मालकांकरवी विचारत. कधी खांबाकडे पाहून मोठ्याने विचारत, ‘माईत होतं का म्हणावं?’ आणि मी भिंतीशी होऊन पाणी ठेवायचे. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर त्यांनी नशिबाला दोष दिला असता आणि झोपले असते. ‘हो’ म्हटलं असतं तर मला शिव्या दिल्या असत्या आणि त्यानेही माणूस मोकळा होतो. मी त्यांना नशीबही दिलं नाही आणि वैरीही दिला नाही. अशी वर्षं गेली. दिसामासाने तो प्रश्न त्यांच्यात मुरत गेला, आणि पाण्याने भिंत पोखरावी तसा माणूस पोखरत गेला.

शेवटी त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मालक मला बोलवायला आले. सगळी पुऱ्यातली माणसं ओसरीवर होती. मी पायथ्याशी उभी राहिले, तोंड झाकून. भासऱ्यांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं आणि जन्मात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. खांबाशी नाही, माझ्याशी.

‘पोरी,’ म्हणाले, ‘आता तं सांग. तुले माईत होतं?’

मालक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘सांग वं. मरून राहिला तो. काहीबी सांग.’ मालकांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, एवढं एकच मागितलं. मी पदर आणखी खाली ओढला. भासऱ्यांचे घारे डोळे त्या पदरावर लागलेले मला कापडातून दिसत होते, आणि ते तसेच राहिले. मालकांनी ते मिटले.

दहाव्याला पंगत बसली. पुऱ्यातल्या म्हाताऱ्या आपापल्या सुनांना माझ्याकडे बोट करून दाखवत होत्या. ‘पाहून घ्या,’ म्हणत होत्या, ‘नवऱ्यासाठी एकदा बोलली, तेवढीच. मरत्या भासऱ्यापुढं बी तोंड उघडलं नाई. याले म्हणतात मर्यादा.’ मी मान खाली घालून त्यांच्या पानांत वाढत राहिले.